साफ मासा

३ मार्च
वहिनीला मासा नेऊन दिला. काय खुलली! अणुवीजकेंद्रातलं पाणी समुद्रात गेल्यापासून तिनं मासळीला हात लावला नव्हता. आता पोटुशी, आणि डोहाळे नेमके मासळीचेच. "वन्सं, तुम्ही मासळी तपासणीच्या खोलीत कामाला. तुम्ही आणलात म्हणजे डोळे मिटून खायचा." मी कामावर असते तेव्हा माझ्या बबडीला तीच सांभाळते. म्हटलं, तेवढीच परतफेड. दादा म्हणाला, बहीण असावी तर अशी! मी आपली फुगून बसले.

४ मार्च
मेले मी.
काल मासा घेतला ती पेटी आज तपासणीच्या यंत्रात गेली. किरणोत्सर्ग मर्यादेच्या कितीतरी वर! अख्खी पेटी बाद. त्यात एक मासा कमी आहे हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.
मासळी कापणाऱ्या काकांना काल विचारलं होतं मी — "हा साफ आहे ना?" "साफ आहे, ने की." आमच्या खोलीत साफ म्हणजे यंत्रानं पास केलेला. काकांचा साफ म्हणजे खवले, पोट काढलेला. हे मला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं! मला घरी मिरवायचं होतं, म्हणून सोयीचा अर्थ घेतला. पुन्हा विचारायला तोंड झिजलं असतं का?

५ मार्च
नाही सांगितलं.

७ मार्च
यंत्रावरच्या बाईंना आडून आडून विचारलं. गरोदर बाईनं असा मासा खाल्ला तर? "एकदा खाल्ल्यानं लगेच घाबरायचं कारण नाही. पण डॉक्टरांना सांगायलाच हवं." मी पहिलं वाक्य तेवढं उचललं.
घरी आले तर बाळ लाथा मारतंय म्हणून वहिनीनं माझा हात पोटावर ठेवला. मी झटकन काढून घेतला. शी! स्वतःचीच किळस येते.

९ मार्च
दादा पिशवी घेऊन मासळी आणायला निघाला — "तूच आणलास म्हणजे भीती संपली की!" तेव्हा फुटले. सगळं सांगितलं. वहिनी पांढरीफटक. मग हळूच म्हणाली, "वन्सं, मी नाही हो खाल्ला. तुम्ही कामावर होता, बबडी टक लावून बघत होती. पोरीसमोर घास उतरेना. सगळा तिलाच भरवला."
माझी बबडी!
तिला उचललं आणि अनवाणीच दवाखान्यात धावले. वहिनीसाठी इतके दिवस माझा पाय उचलला नव्हता.