हळदीपासून हळदीपर्यंत दोनशे छप्पन फोटो

बाबा, तुम्ही जाऊन वीस वर्षं झाली, आणि तुमचा कंप्यूटर आता दहा वेळा बटन दाबलं तर एकदा चालू होते. म्हणून ठरवलं, तो कायमचा बसायच्या आत तुमचं ते पळत्या रंगाचं चित्र व्हिडिओ करून मोबाइलमध्ये घ्यायचं. तेच, मशीननं गणितावरून काढलेलं, फूलगोबीसारखं, तुऱ्यात तुरा, त्याच्या काठावर पुन्हा तसाच बारका तुरा. तुम्ही कामाले होते त्या सिलतऱ्याच्या प्लँटनं मोडीत काढलेली ती मशीन तुम्ही स्वयंपाकघराच्या दारातच मांडली, कारण दुसरा प्लग नव्हता. अजून दिसते, मी कणीक मळून राहिली आहे, तुम्ही विचारता, हळदीनंतर कोणता रंग लावू? मी म्हणते शेंदरी, मग वांग्याचा, मग कोथिंबिरीचा. तुम्ही तसेच लावता, मधल्या छटा मशीन भरते, एक बटन दाबलं की सारं चित्र पळायले लागते. मी म्हटलं, बाबा, हे तर पळून राहिलं. तुम्ही खेकसले, "चित्र जागेवरच आहे. रंग सरकतात. विहारावरच्या झालरीतले बल्ब पळतात काय? नीट पाह्य." आठवीत शाळा सुटलेल्या पोट्टीले इतकं मन लावून कोणी खेकसलं नव्हतं. मले आवडलं होतं.

तर समता कॉलोनीत लग्नाचे व्हिडिओ जोडणारा एक भैया आहे, त्याले घरी आणलं. त्यानं आधी पडद्यासमोर कॅमेरा लावला. चित्रावर काळे पट्टेच फिरत राहिले. मग फाइल आपल्या लॅपटॉपमध्ये घेतली, तर चित्र मुकाट उभं, कारण रंग पळवणारा प्रोग्राम तुमच्याच मशीनमध्ये. म्हणाला, "दीदी, ये तो फोटो है, चलता ही नहीं." मी त्याले तुमचंच झालरीचं बोलणं हिंदीत ऐकवलं, आवाजही तुमच्यासारखाच चढवला. मग त्याच्या डोक्यात शिरलं. रंग एक घर सरकवायचे, थांबायचं, तेवढा फोटो सेव्ह करायचा, पुन्हा एक घर. रंग दोनशे छप्पन, म्हणून फोटोही तितकेच. त्याले टाइम नव्हता, मीच बसली. मी, जिले कुकरची तिसरी शिटीही लांब वाटते! तीन दुपारी सरकव, सेव्ह कर, सरकव, सेव्ह कर. मशीन दोनदा बंद पडली. मी तिले तुमच्याच शिव्या दिल्या, तेव्हा चालली.

भैयानं डिस्क काढून नेली, फोटो ओळीनं जोडले, आणि सवयीनं सुरुवातीले गुलाबाच्या पाकळ्या, शेवटी अंधार, वरून शहनाई टाकून आणलं. काहून, कोणाचं लग्न आहे काय? सारं काढायले लावलं. अंधार आला की फेरा तुटते; शेवटच्या फोटोनंतर हळद झटका न बसता आपल्या पहिल्या जागी आली पाहिजे. आली, बाबा. आता फोनवर फिरून राहिलं आहे, सुरू कुठून होते ते मलेही सापडत नाही.

फाइलले नाव काय देऊ, त्यानं विचारलं. तुमचं सांगायचं होतं, तोंडातून माझं निघालं. त्यानं टाइप करून दाखवलं, "ठीक है, दीदी?" मी बदलायले सांगणार होती, पण म्हटलं, हव, ठीक आहे. राशन कार्डावर माझं नाव आहे, पण बनवलेल्या कोणत्या वस्तूवर कधी नव्हतं. हे पत्र कुठं जाणार नाही म्हणून खरं लिहिलं. तुम्ही समोर असते तर भैयानंच चूक केली म्हणून सांगितलं असतं.