माझ्या जमातीचे नाव कोणी खोडू नये

मी, मुरलीधर तुळशीराम जाधव, जमात कैकाडी, वय वर्षे चौऱ्याऐंशी, धंदा पूर्वी सूतगिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, आता काही नाही, मूळ राहणार सोलापूर, हल्ली मुक्काम मुलाकडे, लिक्सलिप, आयर्लंड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. काल झोपेची गोळी घेतली होती, तिचा अंमल उतरल्याचे आमच्या ओळखीचे मराठी डॉक्टर अंबरीश यांनी माझे डोळे बघून सांगितले. लिही म्हणून कोणी धाक घातलेला नाही. बोलू नका म्हणून मात्र दबाव आहे, त्याचे पुढे येईल.

शिक्षण रात्रशाळेत चौथीपर्यंत. वकिली भाषा चुकली तरी अर्थ बदलू नये. मराठीत लिहिलेले या देशात चालते का याची मला धास्ती आहे. अंबरीश म्हणतात, चालते, भाषांतर जोडावे लागेल. ते भाषांतर घरच्या कोणी करू नये. घरचा माणूस शब्द मऊ करतो.

कलम पहिले. माझा जन्म. याची वाटणी होत नाही, तरी ते आधी लिहितो, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. मी सोलापूर जिल्ह्यात काटेरी तारेच्या आत जन्मलो. इंग्रजांनी काही जमातींना जन्मापासूनच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला होता. त्या जमातींची माणसे कुंपणात ठेवत, त्याला सेटलमेंट म्हणत. माझ्या बापाने टोपल्या विणण्यापलीकडे काही केले नव्हते. दिवसा गिरणीत काम, परत आल्यावर हजेरी, रात्री उठवून पुन्हा हजेरी. बाहेर जायचे तर पास. माझी धाकटी बहीण तापाने गेली, तेव्हा तिला पुरायला न्यायचा पास मिळेपर्यंत आई तिला मांडीवर घेऊन बसली होती. हजेरीला बोलावले तेव्हा तशीच उठली आणि रांगेत उभी राहिली. शिपाई म्हणाला, "ते खाली ठेव, मग उभी राहा." तो माझ्या बहिणीला 'ते' म्हणाला. आईने ठेवले नाही. त्यावर तिला काय मिळाले ते मी कागदावर लिहीत नाही.

कलम दुसरे. सून नीलिमा हिला माझ्या बायकोची सोन्याची पोत द्यावी. पाणी तापवायचे इमर्शन चालू राहिले म्हणून ती मला बोलते, ते बरोबर आहे, विजेचे बिल येते. तिच्याशी माझे भांडण नाही.

कलम तिसरे. बापाचा कोयता. टोपलीच्या फोका सोलायचा, मूठ बोरीची. सामानातून आणला तेव्हा नीलिमाने तो टॉवेलात गुंडाळून सिंकखालच्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, ठेवला, अजून तिथेच असेल. हा कोयता मुलगा गिरीश याला कोणत्याही अटीशिवाय देत आहे. त्याने तो दिवाणखान्यात टांगावा असे मी म्हणत नाही. पण कोणी विचारले तर बागेतल्या कामाचा आहे असे सांगू नये. एकदा सांगितलेले मी ऐकले आहे.

कलम चौथे. सोलापूरचे घर, दोन खोल्या आणि पुढची जागा. हे देण्याआधी काय झाले ते सांगावे लागेल, नाहीतर लोक म्हणतील म्हातारा विनाकारण बिघडला.

माझी नात मुक्ता हिला शाळेत एक पुस्तक होते. ज्यू लोकांना छावण्यांत घालून मारले, त्यातून वाचलेल्या एका बाईने लिहिलेले. मुक्ताला मराठी समजते, पण ती बोलते इंग्रजीत. माझ्यासाठी मात्र थांबत थांबत मराठी काढते. ती म्हणाली, "आजोबा, त्यांना बाहेर उभं करायचे. थंडीत. काउंट करायचे."

मी म्हणालो, "हजेरी."

"रात्री कोणी डाय झालं ना, तरी त्याला आणून लाइनमध्ये ठेवायचे. नंबर जुळायला पाहिजे."

मी तिला रोज पुढचे वाचायला लावले. एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कोणी उलटा अर्थ काढू नये. त्यांना मारून संपवायचे होते. आम्हाला संपवायचे नव्हते, वापरायचे होते. त्या बाईचे दुःख मी आपल्या नावावर करून घेत नाही, माझी ती पात्रता नाही. पण माणसाला आधी मोजायची वस्तू करतात, मग त्याचे काहीही करता येते, हे तिने लिहिले आहे आणि ते मला पुस्तकाशिवाय माहीत होते.

त्यानंतर आमच्या रस्त्यावर एका घरात चोरी झाली. इथे पोलिसाला गार्डा म्हणतात. एक तरुण गार्डा घरोघरी विचारत आला की कोणी काही पाहिले का. मी खिडकीतून त्याची गाडी पाहिली. कोट घातला, बूट घातले, रक्तदाबाच्या गोळ्या खिशात टाकल्या, बाहेर गेलो आणि गाडीच्या मागच्या दाराशी उभा राहिलो. तो कायदा जाऊन तार तुटल्यावरही गावात कुठे चोरी झाली की माझा बाप आंघोळ करून, पोटभर जेवून, आपणहून चौकीच्या पायरीवर जाऊन बसायचा. म्हणजे ते घरी येत नसत आणि आईची भांडी फोडत नसत. आमच्यातले सगळे कर्ते पुरुष असेच करायचे. मीही गिरणीत लागल्यावर केले आहे.

गार्ड्याला वाटले, म्हाताऱ्याला कुठेतरी सोडायचे आहे. त्याने हसून दार उघडले, "कुठे जायचंय?" असे खुणेने विचारले. मी आत बसलो. शेजारचे डोनाल कीन धावत आले. गिरीशने मला दंडाला धरून बाहेर काढले आणि घरात आल्यावर म्हणाला, "बाबा, माझी इज्जत काढलीत. तो फक्त चौकशी करत होता."

मी म्हणालो, "चौकशीलाच नेतात."

मुक्ताने विचारले, "आजोबा, गाडीत का बसलात?" तेव्हा मी तिला सगळे सांगितले, बहिणीचेही. तिने ते फोनमध्ये रेकॉर्ड केले. शाळेत त्या पुस्तकानंतर ऐकवायचे तिने ठरवले. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला पुढचे विचारत होते.

मग गणपतीत पाहुणे जेवायला आले. गिरीशच्या ऑफिसातला सुभाष पुण्यातली त्याच्या सासऱ्यांकडची घरफोडी सांगत होता. "पोलीस म्हणाले, साहेब, ही एकाच जमातीची कामं. रक्तातच असतं त्यांच्या." मग माझ्याकडे वळून, "काका, तुमच्या सोलापूरकडे फार ना ही मंडळी?"

मी म्हणालो, "हो. मी त्यांच्यातलाच."

गिरीशने तेव्हा एकच शब्द बोलायचा होता. तो हसला आणि म्हणाला, "बाबांची चेष्टा करायची पद्धत आहे ही. बाबा, मोदक घ्या." मग सगळे हसले. सुभाष म्हणाला, "काकांचा सेन्स ऑफ ह्यूमर भारी आहे." माझ्या ताटात मोदक पडला आणि मी तो खाल्ला.

त्या शिपायाने बहिणीला 'ते' म्हटले, तो परका होता, पगारी होता. मला माझ्या मुलाने माझ्यासमोर चेष्टेची गोष्ट करून टाकले. पाहुणे गेल्यावर त्याने मुक्ताच्या फोनमधले रेकॉर्डिंग पुसायला लावले. ती रडत होती. तो म्हणाला, "बाबा, इथे मुलांना जात म्हणजे काय ते माहीत नाही. इतकं करून इथवर आलो. ते सगळं परत कशाला आणता?"

मी म्हणालो, "तुझ्या कॉलेजच्या फीमाफीला जात चालली, जेवणाच्या टेबलावर चालत नाही?"

"त्या वेळी इलाज नव्हता."

"मलाही नव्हता."

तेव्हापासून तो माझ्याशी औषधाच्या वेळेपुरते बोलतो. त्याने वाईट वागवले असे नाही. खोली उबदार आहे, दुपारी नर्स येते. पण उबदार खोलीतही माणसाला नाहीसे करता येते, आणि याचा मला भयंकर राग आहे. मरेपर्यंत राहील असे दिसते. त्यामुळे छातीत धडधडते, अंबरीश रागावतात.

तर घराची अट अशी. इथे दहनाआधी मेलेल्याबद्दल कोणीतरी उठून बोलते. माझ्या वेळी गिरीशने बोलावे. आधी मराठीत आणि मग इंग्रजीत, आपला बाप कोण होता, कुठे जन्मला, त्याला कोणी आणि का मोजले, हे सांगावे. जमातीचे नाव मोठ्याने घ्यावे. सुभाषला आग्रहाने बोलवावे आणि पुढे बसवावे. गिरीश हे बोलला तर घर त्याचे. नाही बोलला तर घर आमच्या जमातींच्या मुलींच्या वसतिगृहासाठी द्यावे. तो बोलला की नाही हे डॉक्टर अंबरीश यांनी ठरवावे. आवाज चिरकला, मध्ये थांबला, तरी बोलला असे धरावे. मी एवढा दुष्ट नाही.

कलम पाचवे. बँकेतले जे असेल ते मुक्ताच्या पुढच्या शिक्षणाला. तिने काय शिकावे ते मी सांगत नाही. तिला पुसायला लावलेले मी परत सांगितले आहे, ते तिच्याकडे आहे. ते कुठे ठेवले हे इथे लिहीत नाही, कारण हे गिरीश वाचणार आहे. ते कोणाला ऐकवायचे, हा हक्क तिचा एकटीचा.

कलम सहावे. डोनाल कीन यांना माझी छत्री द्यायची होती, पण साक्षीदाराला काही दिले तर ते वाया जाते असे कळले. छत्री दारामागे आहे, त्यांनी हवी तर आत्ताच न्यावी.

शेवटचे. सही करण्याआधी इथपर्यंतचे गिरीशला वाचायला दिले, मागाहून फसवले म्हणायला नको. तो उभ्यानेच वाचत होता. चौथ्या कलमाला खुर्चीवर बसला. सगळे वाचून म्हणाला, "बाबा, बोलेन मी. कुठे जन्मलात, तार, हजेरी, सगळं सांगेन. फक्त जमातीचं नाव नको. तो एक शब्द काढा, बाकी मान्य."

मी म्हणालो, "बाकी सगळं काढतो. तो एक शब्द ठेवतो."

त्याने कागद सारखे करून माझ्यापुढे ठेवले आणि खिशातले पेन काढून टोपण उघडून दिले. याचा अर्थ हो की नाही, मला कळलेले नाही. मी विचारले नाही. उत्तर ऐकायला मी त्या दिवशी नसेन, आणि तेच मला सहन होत नाही. त्याच्याच पेनाने सही करत आहे.

(सही)
मुरलीधर तुळशीराम जाधव, कैकाडी

वरील इसमाने आम्हा दोघांच्या समोर, आम्ही दोघे एकाच वेळी हजर असताना सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर केली.

साक्षीदार: डॉ. अंबरीश, पोर्टलीश (सही)
साक्षीदार: डोनाल कीन, शेजारी, लिक्सलिप (सही)

ठिकाण: लिक्सलिप, काउंटी किल्डेअर
दिनांक: ३ नोव्हेंबर २०२५