कडूसालीचे झाड कोणाला मिळू नये याविषयी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा रोपवाटिका, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला मुद्दाम सोबत टाचला आहे, कारण माझी भावजय गेली दोन वर्षे गल्लीत नेमके उलटे सांगत फिरते आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणायला लोक येतात आणि चहा पिऊन परत जातात. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. एकदा करायला बसले होते, पण दुसऱ्याच ओळीला राग अनावर झाला आणि कागद फाटला. आज सोमवार आहे. वकीलबाईंनी मुद्देसूद लिहायला सांगितले आहे. प्रयत्न करते.

एक. माझ्या देहाचे काय करायचे ते नगरपालिकेच्या नियमाप्रमाणे करावे. भाषणे नकोत. भावजयीने गळा काढू नये. तिला ते जमत नाही आणि बघणाऱ्याला लाज वाटते.

दोन. किरकोळ वस्तू. शिवणयंत्र वकीलबाईंच्या टंकलेखिकेला द्यावे, तिने एकदा माझ्या पिशवीचा बंद न मागता शिवून दिला होता. दुर्बीण समोरच्या निवृत्त हेडमास्तरांना द्यावी. तीस वर्षे ते पडद्याआडून माझ्या अंगणात बघत आले आहेत, आता उरलेले दिवस उघडपणे बघावे. लोखंडी शिडी नळदुरुस्तीवाल्याने नेली आहेच. ती त्यालाच दिली असे समजावे, म्हणजे तो मला रस्त्यात बघून फुटपाथ बदलणार नाही. बँकेतली ठेव माझ्या आजारपणाचा खर्च भागवून उरली, तर हाडांच्या दवाखान्यातल्या रात्रपाळीच्या नर्सला द्यावी. ती मला म्हातारे म्हणत असे, पण वेळेवर येत असे.

तीन. आता मुख्य गोष्ट. वडिलांनी मरताना आमच्या जागेचे सरळ दोन भाग केले. रस्त्याकडचा भाग बियाण्यांच्या दुकानासह धाकट्या भावाला दिला आणि मागचा भाग, दोन खोल्या व अंगण, मला दिला. मागचा भाग सावलीचा आणि ओलीचा होता म्हणून मला मिळाला. त्या अंगणात मी लावलेले एक झाड आहे. ते मूळचे आफ्रिकेतल्या थंड डोंगराळ जंगलातले आहे. पुस्तकात त्याचे नाव प्रूनस आफ्रिकाना. आम्ही कडूसाल म्हणतो. पान चुरगळले की कडू बदामाचा वास येतो. साल म्हाताऱ्या पुरुषांच्या लघवीच्या तक्रारीवर औषध म्हणून वापरतात. उपयोग किती होतो ते डॉक्टरांना विचारावे, मला फक्त झाड कळते. गल्लीतले काका लोक सालीसाठी येत, पण तसे तोंडाने म्हणत नसत. गुलाब बघायला आलोय म्हणत, आणि मग खरोखरच एक रोप विकत घ्यावे लागे. आमच्या गल्लीत इतके गुलाब का आहेत, ते कोणाला कळत नसेल तर आता कळेल.

हे झाड कसे आले तेही लिहून ठेवते. आफ्रिकेत पंधरा वर्षे नोकरी करून आलेल्या एका डॉक्टरांनी वडिलांना चाळीस बिया आणून दिल्या होत्या, ओल्या लाकडी भुश्यात घालून, बिस्किटांच्या डब्यात. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. आमच्या दुकानाचा नियम असा, की बी कानाशी धरून हलवल्यावर वाजले पाहिजे, त्याशिवाय बरणीत जायचे नाही. वडिलांनी त्या बिया भुसा झटकून गच्चीवर आठ दिवस उन्हात वाळवल्या. रोज स्वतः पालथ्या घातल्या. इतक्या मायेने त्यांनी आम्हाला कधी वागवले नाही. डॉक्टरांनी जाताना मला सांगितले होते की ही बी वाळली की मेली. मी वडिलांना तसे सांगितले. ते म्हणाले, "चाळीस वर्षं बिया विकतोय मी. आता तू शिकव मला." म्हणून मी दोन बिया ओल्या असतानाच चोरल्या आणि न्हाणीघरामागे पेरल्या. बाकीच्या अडतीस छान खुळखुळल्या आणि एकही उगवली नाही. माझ्या दोनांतली एक गोगलगायीने खाल्ली, दुसरी म्हणजे हे झाड. चोरीची बातमी वडिलांना भावाने दिली. तेव्हा तो वीस वर्षांचा होता, म्हणजे लहान होता असेही म्हणता येत नाही. वडिलांनी माझ्या थोबाडीत मारली ती कुंडी भरत असलेल्या मातीच्या हाताने. गालावर माती बराच वेळ राहिली, कारण मी ती धुतली नाही.

चार. झाडाची निगा. ज्याला ते मिळेल त्याने हे दोनदा वाचावे. साल काढायची ती समोरासमोरच्या दोन बाजूंनी, उभ्या पट्ट्यात. एक पट्टा बुंध्याच्या घेराच्या पाव हिश्शाहून रुंद नको. गुडघ्यापासून पहिल्या फांदीपर्यंत, वर नाही. सुरी सालीच्या जाडीएवढीच आत जावी. पट्टा लाकडी पाचरीने सोडवावा, ओढू नये. आत पांढरट ओली त्वचा दिसते, तिला बोटसुद्धा लावायचे नाही. तिच्यातूनच नवी साल धरते. ऊन लागू द्यायचे नाही, वाळू द्यायचे नाही. मग काही वर्षे झाडाला हात लावायचा नाही, कितीही गुलाबप्रेमी दारात उभे राहिले तरी. चहूबाजूंनी साल काढली की झाड मरते. लगेच नाही मरत. वर्ष-दोन वर्षे हिरवे दिसते आणि आतून मरत असते.

हे काम या गावात दोनच माणसांना येते. एक मी. दुसरा माझा भाऊ. झाड सालीजोगे झाल्यावर वडील त्या डॉक्टरांकडून हे शिकले आणि त्यांनी त्याला हात धरून शिकवले, मी दाराच्या फटीतून बघून शिकले. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, हे मी इथे कायद्यापुढे खोटे बोलायचे नाही म्हणून लिहिते.

पाच. दोन वर्षांपूर्वी माझे खुब्याचे हाड मोडले आणि मी दवाखान्यात होते. त्याच सुमारास एका बिल्डरला आमचे दोन्ही भाग मिळून हवे होते. जिवंत झाड तोडायला परवानगी मिळेना, मेलेल्याला लगेच मिळते. शिवाय भावजयीचे म्हणणे असे, की झाड गेले म्हणजे वन्संचा जागा न विकण्याचा हट्टही जाईल. हे ती माझ्या शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत होती, मी झोपले आहे असे समजून. मी घरी आले तेव्हा झाडाला गुडघ्यापासून डोक्यावर हातभर उंचीपर्यंत गोणपाट गुंडाळलेले होते आणि दाभणाने शिवलेले होते.

"वाळवी लागली होती," भाऊ म्हणाला. "औषध मारून गुंडाळलंय. तू उघडू नकोस."

"आणि मेलं तर?"

"ताई, झाडंही म्हातारी होतात गं."

गल्लीतल्या लोकांनी त्याचे कौतुक केले. असा भाऊ मिळायला भाग्य लागते म्हणे. तीन आठवड्यांनी मला वॉकर घेऊन अंगणात जाता आले. मी शिवण उसवली. आत बुंधा चहूबाजूंनी उघडा होता, वीतभर साल शिल्लक नव्हती. मी बादली पालथी घालून तिच्यावर बसले आणि खूप रडले. त्याआधी मी कधी रडले होते ते आठवत नाही. मग सगळे पुन्हा शिवले आणि मूग गिळून बसले. भांडले असते तर त्यांना कळले असते की मला कळले आहे, आणि मग उरलेले काम त्यांनी कुऱ्हाडीने केले असते.

मी पाने गळायची वाट बघत होते. भाऊही बघत होता. जाता-येता वर मान करायचा. पहिल्या वर्षी शेंडा पिवळा पडला. दुसऱ्या वर्षी नवी पालवी आली. मी पुन्हा शिवण उसवली, तर बुंध्यावर दुधावरच्या सायीसारखी पातळ नवी साल धरलेली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ज्याला झाड मारायचे असते तो कोयत्याने खरवडतो, आतली ओली त्वचा खरडून काढतो. या शहाण्याने खून करायला घेतला आणि वडिलांनी शिकवले तसा केला. सुरी बरोबर सालीच्या जाडीएवढी घातली, पाचर लावली, आत बोट लावले नाही. वर पाप झाकायला गोणपाट गुंडाळले, त्याने सावलीही झाली आणि ओलही राहिली. त्याला धड वाईटही वागता येत नाही. त्याच्या हाताला ती सवयच नाही.

सहा. म्हणून, माझा मागचा भाग, दोन खोल्या, अंगण व झाड नगरपालिकेच्या उद्यान विभागाला द्यावे. भावाला व भावजयीला यातले काहीही मिळू नये, कुंडीसुद्धा. उद्यान विभाग झाडाभोवती सिमेंटचा कट्टा बांधील, त्यावर फलक लावील आणि नव्या सालीवर कोणीतरी बदाम कोरील, हे मला ठाऊक आहे. त्या झाडाचे काही खरे नाही, हेही ठाऊक आहे. तरीही भावाच्या हाती लागण्यापेक्षा ते बरे.

बुधवार. वरचे सहावे कलम मी रद्द करते. का ते लिहिणे भाग आहे.

दर मंगळवारी दुपारी मी व्यायामासाठी दवाखान्यात जाते. काल व्यायामवाली रजेवर होती म्हणून मी दारातून परत आले आणि मागच्या खोलीत बसले. खिडकीतून बघते तर भाऊ अंगणात. हातात बादली आणि दाभण. मला वाटले, आता हा राहिलेले काम पुरे करतो. वॉकर उचलून मारायच्या तयारीने मी बाहेर गेले. त्याने शिवण उसवली होती आणि गोणपाट बादलीत बुडवून पिळत होता.

"काय चाललंय?"

तो दचकला, पण गोणपाट खाली टाकले नाही. "सुकतंय हे. ओलं राहिलं पाहिजे."

"किती दिवस करतोयस?"

"पहिल्यापासून. दर मंगळवारी."

"मारायचं होतं ना तुला?"

"हो म्हणालो होतो मी. तिला पण आणि त्या बिल्डरला पण." तो बुंध्याकडे बघत होता. "सगळी साल काढून दाखवली त्यांना. खूश झाले. तिला सांगू नकोस, ताई."

"बायकोला घाबरतोस आणि मला नाही?"

"तुला पण घाबरतो. म्हणून तर साल नीट काढली."

मला हसू आले आणि त्याचाच जास्त राग आला. पालवी येईपर्यंत मी त्या बादलीवर बसून झाडाचे सुतक पाळत होते, आणि हा भिंतीपलीकडे राहून एक शब्द बोलला नाही. त्यांना नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. तोही याच्याकडे नव्हता. चहूबाजूंनी काढलेली साल परत धरेलच असे कोणी सांगू शकत नाही, मीसुद्धा नाही आणि तोही नाही. झाड वाचले ते नशिबाने. मी त्याला क्षमा केलेली नाही आणि हे मृत्युपत्र वाचले जाईल तेव्हाही केलेली नसेन. पण नवी साल अजून पातळ आहे. ती जाड व्हायला चार-पाच वर्षे लागतील आणि माझ्याकडे तेवढी नाहीत. उद्यान विभागाकडे माणसे आहेत, हात नाही.

सात. मागचा भाग झाडासह माझ्या धाकट्या भावाला द्यावा. त्याने तो विकला किंवा झाड जिवंत असताना तिथे एक वीट रचली, तर सर्व उद्यान विभागाकडे जावे. त्याची स्वतःची जी तक्रार आहे, जी गल्लीत कोणाला माहीत नाही असे त्याला वाटते, तिच्यासाठी त्याने साल घ्यावी, पण पाच वर्षे थांबून आणि पुरुषांनी घ्यावी तशी, गुलाब न घेता. मात्र हे सर्व एका अटीवर. मी सही करण्याआधी त्याने गोणपाट सर्वांसमोर काढावे आणि झाड जिवंत आहे, हे आपल्या बायकोच्या तोंडावर सांगावे. नाही सांगितले तर सहावे कलम परत लागू.

शुक्रवार. सहीसाठी सगळे अंगणात जमले आहेत. वकीलबाईंनी मागे मला सांगितले होते, की साक्षीदाराला आणि साक्षीदाराच्या नवऱ्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. म्हणून सोमवारीच मी भावजयीला साक्षीदार म्हणून बोलावून ठेवले होते. तिला मान वाटला. ती नवी साडी नेसून, पेन उघडून बसली होती. आता भावाला झाड मिळायचे तर तिची सही चालणार नाही, म्हणून तिच्या हातातून पेन मी काढून घेतले, हे माझ्या आयुष्यातले एक मोठे नुकसान आहे.

"वन्सं, मी काय चुकले?" ती म्हणाली.

"तुझ्या नवऱ्याला विचार."

भावाने शिवण उसवली. गोणपाट खाली पडले. त्याची बायको बुंध्याकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे. तिला झाडातले काही कळत नाही, पण नवऱ्यातले कळते. तो गोणपाट उचलून त्याची घडी घालू लागला. वकीलबाईंनी घड्याळ पाहिले. मी सहाव्या कलमावर बोट ठेवले.

तो म्हणाला, "झाड जिवंत आहे."

हळू म्हणाला. मी परत म्हणायला लावले. दुसऱ्यांदा समोरच्या हेडमास्तरांच्या पडद्यापर्यंत ऐकू गेले, आणि त्याच्या पुढे तो आपणहून म्हणाला, "मीच ठेवलंय." हे अटीत नव्हते. तरी ते साक्षीदारांसमोर बोलले गेले, अशी इथे नोंद करून मी सही करते.

सही: (स्वतःच्या हाताने, चष्मा लावून)

साक्षीदार पहिला: हाडांच्या दवाखान्यातली व्यायामवाली, रजेवरून परत आलेली. सही.

साक्षीदार दुसरा: कोपऱ्यावरचा कुंभार, ज्याच्याकडून मी तीस वर्षे कुंड्या घेतल्या व ज्याला यातले काही मिळणार नाही. अंगठा.

ठिकाण: माझे अंगण. भाऊ सही होईपर्यंत थांबला नाही, बादली घेऊन पाणी आणायला गेला आहे.

तारीख: चौदा मार्च, दुपारचे सव्वा बारा.