काळ्या विंचवाची पाठ

प्रिय दादा,

आधी बस. उभ्याउभ्या वाचण्यासारखं हे पत्र नाही, आणि मला थोडक्यात लिहिता येत नाही हे तुला ठाऊक आहे. बारावीच्या पेपरात एकाच प्रश्नाला तीन पुरवण्या लावून बाकीचे कोरे ठेवणारा मी. फोन केला असता, पण फोनवर अण्णांचं नाव निघालं की तुझी रेंज जाते. तीन वर्षं झाली, दर वेळी बराबर त्याच जागी जाते. म्हणून कागद घेतला.

दिवाळीपासून मी घरी धावड्यालाच आहे. त्याआधी हार्वेस्टरवाल्या सरदारजींबरोबर विदिशापर्यंत गेलो होतो. तिथं एक माणूस नुसत्या कानानं इंजिनातला बिघाड ओळखतो असं कळलं, म्हणून त्याच्याकडे आठ दिवस राहिलो. खरंच ओळखतो तो. त्याचं वेगळं लिहावं लागेल, आत्ता नको, नाहीतर मुद्दा राहून जाईल.

मुद्दा असा की मागच्या महिन्यात जालन्यात कुस्तीचा शो आला. आपली मातीतली नाही. टीव्हीवरची, चौकोनी रिंगची, धूर आणि दिवे आणि तोंडावर मुखवटे. आपण दोघं जालन्यात मस्तगडला गयासोद्दीन चाचांच्या गादीच्या दुकानात कापसाच्या ढिगावर बसून बघायचो ना, तीच. अण्णा बाजार करून यायच्या आत चाचा टीव्ही बंद करायचे आणि आपल्या केसातला कापूस झटकून द्यायचे. त्या शोवाल्यांची रिंगवरची गादी प्रवासात भिजून कुजली होती, आणि नवी शिवायचं काम आलं आपल्या चाचांकडे. मी लगेच जालना गाठलं. गादी बसवायच्या निमित्तानं रिंगच्या खाली शिरलो, पोटावर सरकत. काय आहे सांगू खाली? लोखंडी सांगाडा, वर फळ्या, फळ्यांवर आपल्या चाचांची चार बोटं जाडीची गादी. आणि मधोमध फळीला एक माइक बांधलेला! माणूस पडला की जो ढाण् आवाज येतो, तो त्या माइकचा. मी खालून फळीवर बुक्की मारली तर अख्ख्या मैदानात आवाज घुमला आणि त्यांचा मॅनेजर मला शिव्या देत पळत आला.

चाचांना शिलाईबरोबर पास मिळाले. एक त्यांनी अण्णांसाठी काढून ठेवला. अण्णा आधी तयारच होईनात. ओसरीवर बसून म्हणाले, "कशाला येऊ? नुरा हाये तो सगळा. ठरवून पडत्यात." दादा, तो शब्द घरात तीन वर्षांनी निघाला. आईचे भाकरी थापणारे हात थांबले. अण्णांच्याही लक्षात आलं, ते मुकाट्यानं पायातल्या काट्याशी खेळत बसले, आणि काटा नव्हताच पायात. शेवटी चाचांनी फोनवर सांगितलं, "रखमाजी, कुस्ती मत देखो. मेरी गादी पे कौन कैसा गिरता, वो तो देखने कू आव." तेवढ्यावर निघाले. पिकअपमध्ये अण्णांच्या तालमीतली आठ-दहा पोरंही चढली, वस्ताद निघाले म्हटल्यावर.

आता जे तुला माहीत आहे तेच लिहितो, कारण मी काय बघितलं ते तुला माहीत नाही. तीन वर्षांपूर्वीच्या जत्रेतली शेवटची कुस्ती, तू आणि बदनापूरकडचा भुजंग. मी मातीच्या हौदाच्या काठावर तुझे कपडे उराशी धरून बसलो होतो. तू त्याला खाली घेतला होतास, मानेवर घुटना होता, घिस्सा डाव बसला की संपलं. लोक फेटे हातात घेऊन उभे होते. आणि तू हात सोडलास. भुजंग उलटला आणि तू चीत. कुणीतरी ओरडलं, "नुरा!" आपल्याकडे हरलेल्याला त्याचा वस्ताद उठवतो, पाठीची माती स्वतःच्या हातानं झटकतो, हरला तरी माझा आहे म्हणून. अण्णा जागचे हलले नाहीत. तू तसाच, पाठीला माती घेऊन घरापर्यंत चालत आलास. मी मागून चालत होतो. ती माती मला दिसत होती आणि मला वाटत होतं, बरं झालं. हो, मलाही वाटलं होतं तू ठरवून पडलास. हे मी तुला कधी सांगितलं नाही. दुसरं हे की हात सोडायच्या आधी भुजंगाचे ओठ हललेले मी पाहिले होते. मला वाटलं गयावया करतोय. तेही मी कुणाला सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही, तू घर सोडून कंपनीत लागलास, आणि मग मी माझ्या भटकंतीला निघून गेलो.

तर शो. पाच वाजता सुरू होणार होता, सहाला झाला. अण्णा प्लास्टिकच्या खुर्चीवर ताठ, फेटा बांधून, दंगलीला बसल्यासारखे. शेजारी बसलेलं एक पोरगं त्यांना प्रत्येक पहिलवानाचं नाव सांगत होतं आणि ते मान डोलवत होते. पहिल्या दोन कुस्त्या त्यांनी तोंड वाकडं करून पाहिल्या. तिसरीला मात्र पुढं सरकले. मला हळूच म्हणाले, "पडणाराची मान बघ. हनवटी छातीला लावून पडतो. शिकवलंय कुनीतरी चांगलं." मग थोड्या वेळानं, "आन् टाकणारा त्याच्या डोक्याखाली हात देतो, दिसला का?" मला दिसला नव्हता. मग मी तेच बघत बसलो. खरंच देतो, दादा. शिव्या हासडत, केस ओढत, आणि खालून हात देत.

शेवटची कुस्ती काळा विंचू आणि जालन्याचा शेर. शेर करनालचा होता, पण भगवा फेटा घालून आला म्हटल्यावर सगळं मैदान त्याचं. विंचू काळ्या मुखवट्यातला, मोठा धिप्पाड, त्याला आपली पोरं "ए ढेकणा!" म्हणत होती. विंचवानं शेराला उचलून डोक्यावर धरलं. आता आपटणार. आणि तिथंच थांबला. दोन क्षण, तीन क्षण. लोकांना वाटलं, ताकद दाखवतोय. मग त्यानं काय केलं असेल तर शेराला छातीशी घेतलं आणि स्वतःच मागं पडला, सपाट, पाठीवर. शेर त्याच्या अंगावर. ढाण्!

आणि अण्णा उठून उभे. दोन्ही हात वर. "चीत! पाठ टेकली! झाली कुस्ती!"

आता आपल्या पोरांना वस्तादांनी निकाल दिल्यावर आणखी काय हवं? रेफरी तिकडं एक, दोन मोजतोय, आणि ही दहाची दहा पोरं दोऱ्यांतून आत. त्यांच्या मागं आणखी पन्नास. हलगी कुठून आली देव जाणे, पण आली. शेराला खांद्यावर घेतलं, फेटे उडाले. माइकवाला बोंबलतोय, "अरे भाई, मैच चालू है! अभी आधा घंटा बाकी है!" आपल्या तालमीतला कारभारी त्यालाच दरडावतोय, "पाठ टेकल्यावर कसला अर्धा घंटा बे? आंधळा हाये का?" मी हसून हसून खुर्चीवरून पडलो.

अण्णा हसत नव्हते. ते दोऱ्या धरून चढले, पासष्टीचा माणूस, आणि सरळ गेले पडलेल्या विंचवाकडे. त्याचा वस्ताद कुठं दिसेना, म्हणून यांनीच त्याला हाताला धरून उठवलं आणि पाठ झटकायला लागले. माती कुठली तिथं! चाचांची गादी, वर ताडपत्री. नुसत्या घामेजल्या, मातीचा कणही नसलेल्या पाठीवर ते हात फिरवत होते. मी मागं पोचलो होतो. विंचू मुखवट्यातून म्हणाला, "बाबा, उसको नीचे उतरवाओ. उसका कंधा उतर गया है. ऊपर था तब कान में बोला मेरे. इसलिए तो मैं गिरा."

अण्णांचा हात त्याच्या पाठीवर तसाच राहिला.

मग मात्र वस्ताद जागे झाले. एक आरोळी दिली आणि पोरांनी शेराला खाली ठेवलं. तो खरंच रडकुंडीला आला होता आणि लोकांना ते आनंदाचं रडू वाटत होतं. अण्णांनी तिथंच, सगळ्या दिव्यांत, काखेत पाय देऊन त्याचा खांदा बसवला. खट्. खालच्या माइकवरून तोही आवाज सगळ्यांनी ऐकला. टाळ्या पडल्या, दुसऱ्या कुठल्याच डावाला पडल्या नव्हत्या एवढ्या. चाचा म्हणाले, "गिरने वाला भी पहिलवानच रहता, रखमाजी."

तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "अंगद, गाडी काढ. भुजंगाकडं जायाचंय." भुजंगाची आता बदनापूरच्या अलीकडे मोसंबीची रोपवाटिका आहे. आम्हाला बघून त्याच्या हातातली कात्री खाली पडली. अण्णांनी बाकी काही विचारलं नाही, एवढंच, "त्या दिशी तू काय म्हनला व्हतास त्याला?" भुजंग उकिडवाच बसला. म्हणाला, "मानंत कट्ट वाजलं, वस्ताद. डावा हात मेल्यागत झाला. म्या म्हनलो, आदिनाथ, हात गेला माझा, पिळू नको. त्यानं लगेच सोडलं." मग कुस्ती का थांबवली नाही, असं अण्णांनी विचारल्यावर तो खाली बघत म्हणाला की चारच दिवसांवर त्याची साखरपुड्याची सुपारी फुटायची होती, मैदानात पाहुणे बसले होते; मान गेलेल्याला पोरगी कोण देतं? तूच त्याच्या कानात म्हणालास म्हणे, "उलटव मला, आन् गप राहा." त्याची बायको मीना मागं उभी राहून सगळं ऐकत होती. तिलाही त्या दिवशीच कळलं. भुजंग म्हणाला, "मला वाटलं, घरी तरी सांगितलं आसंल त्यानं. वस्तादाला कोन न्हाई सांगत?"

हेच मला विचारायचंय, दादा. का नाही सांगितलंस? अण्णांनी विचारलं नाही म्हणून? की विचारल्याशिवाय त्यांना कळावं असं तुला वाटत होतं? मी रात्रंदिवस इंजिनं, माइक, माणसं उघडून आत काय आहे ते बघत हिंडतो, आणि घरातलंच मला उघडता आलं नाही. परतीच्या वाटेवर अण्णांनी गाडी थांबवायला लावली, बांधावर बसले आणि म्हणाले, "माझ्या तालमीतला पोरगा दुसऱ्याची मान वाचवून पडला, आन् म्या त्याला वळखलं न्हाई. कसला वस्ताद मी?" मी म्हटलं, फोन लावून देतो. तर म्हणाले, तोंडातून निघणार नाही. तू लिही, सगळं लिही, मी नेऊन देतो.

तेव्हा हे पत्र पोस्टानं आलेलं नाही. वॉचमननं तुला आत आणून दिलं असेल. देणारा माणूस तुमच्या कंपनीच्या गेटसमोर चहाच्या टपरीवर बसला आहे, तू वाचून होईपर्यंत हाक मारायची नाही असं ठरवून. तू नाही आलास तर संध्याकाळच्या गाडीनं परत येतील, तेही त्यांनी ठरवलंय. पण अण्णांनी जन्मात चहा घेतलेला नाही, आणि कुणाच्या बाकड्यावर फुकट बसायची त्यांना लाज वाटते. म्हणजे आत्तापर्यंत चार-पाच कप तरी झाले असतील. लवकर बाहेर जा.

तुझाच,
अंगद