चंदनखेडचा थांबा राहू देण्याबाबत

प्रति,
मा. आगार व्यवस्थापक,
राज्य परिवहन आगार,
तेल्हारा, जि. अकोला.

विषय: अकोला मार्गावरील ‘चंदनखेड’ ही पाटी व पत्र्याची शेड न काढण्याबाबत.
संदर्भ: माझे वडील धर्मपाल तायडे यांच्या नावे आलेली आपली नोटीस.

महोदय,

१. रविवार, ९ नोव्हेंबर रोजी वडिलांनी मला मोटारसायकलने वरील थांब्यावर सोडले. मी अमरावतीच्या महाविद्यालयात शिकवते. गाडी येईपर्यंत ते पुढच्या चित्रपटातील भूत बाभळीवर बसवावे की विहिरीत, याविषयी बोलत होते. मी पुस्तक वाचत होते. गाडी आल्यावर ते म्हणाले, “पोचली का फोन लाव.” मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी शूटिंगची तयारी करताना हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. सबब नोटिशीचे उत्तर मी देत आहे.

२. वडील लग्नाच्या कॅमेऱ्यावर वऱ्हाडी चित्रपट करीत, वर्षाला तीन-चार. नट शेजारचे, जेवण घरचे. आधी त्यांच्या सीडी बाजारात विकत, नंतर यूट्यूबवर टाकत. ‘चंदनखेड’ हे गाव त्यांनी एका चित्रपटासाठी रचले. एस.टी. भाड्याने घेणे परवडणारे नव्हते. म्हणून त्यांनी रस्त्याकडेला शेड उभारली, पाटी रंगवली आणि खऱ्या गाडीची वाट पाहिली. चालकाने ब्रेक लावला. वाहक ओमप्रकाश यांनी विचारले, “काहून जी, हे गाव कवा वसलं?” वडील म्हणाले, “आत्ताच. पोरीले बसू द्या.”

३. पोरगी मी होते. खिडकीतून मला एक वाक्य म्हणायचे होते. प्रवासी पाहत होते; मला लाज वाटली आणि मी बोलले नाही. गाडी सुटली. पुन्हा घेणे शक्य नव्हते. वडिलांनी तो प्रसंग तसाच ठेवला. “बिनबोलाचाच बरा वाटते,” असे ते म्हणत.

४. सामान दुसऱ्या पिच्चरला कामी येईल म्हणून शेड काढली नाही. दरम्यान गाड्या तेथे नियमित थांबू लागल्या. महसूल नोंदीत असे गाव नाही, हे आपले म्हणणे बरोबर आहे. नोटिशीत शेडला ‘शूटिंगचे साहित्य’ म्हटले आहे, तेही बरोबर आहे. मात्र पलीकडच्या वस्तीतील माणसे तेथूनच दवाखान्यात, शाळेत व बाजारात जातात. वडिलांच्या प्रत्येक चित्रपटातील सासू मनकर्णाबाई यांनी नोटीस ऐकून विचारले, “गाव खोटं हाय, तं मी इतके वर्स गाडीत कुठून बसून राहिली?” सोबतच्या यादीत पहिला अंगठा त्यांचा आहे.

५. तरी शेड व पाटी आहे तेथे राहू द्यावी आणि थांब्याची नोंद घ्यावी, ही विनंती. नाव बदलावे लागल्यास हरकत नाही.

६. काल मी शेडचे फोटो काढण्यास गेले असता अकोल्याची गाडी आली व मी चढले. ती तेथून थोडी उशिरा सुटली. त्याबद्दल चालकावर कारवाई होऊ नये. कारण मी आहे. खिडकी उघडून, पाटीकडे पाहून, सगळ्या प्रवाशांसमोर मी ते वाक्य मोठ्याने म्हटले: “पप्पा, तुमीबी चला ना माह्यासंगं.”

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
आपली नम्र,
माधवी धर्मपाल तायडे
दि. १२ जानेवारी २०२६

सोबत: नोटिशीची प्रत, वस्तीतील प्रवाशांच्या सह्या व अंगठे, शेडचे फोटो.