गोधडीखालची भाकरी

मारुंजी

आत्याबाई,

सासूला असं बोलू नये, पण तुमी कोळवणला गेलात तरी माझा संशय काही गेला न्हाई. अंगणवाडीत जान्हवीचं वजन पुन्हा कमीच भरलं. बाईंनी मलाबी काट्यावर उभं केलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आई एवढी भरलेली, मग पोर अशी वाळलेली कशी?" बाया हसल्या. मी कामावर गेले की पोरीची भाकरी तुमीच खाता, असं मला वाटायचं. म्हणून तर तुमाला गावी धाडलं.

माझं अंग का सुटलंय, ते हितंच लिहिते. ज्या सोसायटीत धुणीभांडी करते, तितल्या पोरांच्या ताटात उरलेला पिझ्झा, केक मॅडम मला देतात. लोकांचं उष्टं लेकराला कसं घालू? तितंच उभ्यानं खाते आणि घरी सांगते, "मला भूक न्हाई." हे कळलं तर तुमी माझ्या हातचं पाणी पिणार न्हाई, म्हणून हे पत्र धाडायचं न्हाई.

आज गोधडीखाली भाकरीचे वाळलेले तुकडे सापडले. जान्हवी म्हणाली, "तुझ्यासाठी ठेवलेत. तू कुटं जेवतेस?" कुणी शिकवलं विचारलं, तर तुमचंच नाव घेते. खरंखोटं देव जाणे.

मग तिच्यासमोर जेवायला बसले. पोट तट्ट भरलेलं व्हतं. तुमी जेवताना मी तुमच्याकडं बघायची, तशी ती माझ्या तोंडाकडं बघत व्हती. मी दोन भाकऱ्या संपवल्या, तवा कुटं तिनं पहिला घास घेतला.

तुमची सून,
सोनम