आपली हरणारी टीम

बा, आपली टीम परवा सकाळी बादफेरीत पोचली. मी बाभुळगावच्या घरात गॅसवर दूध ठेवून, मोबाइल डब्यांच्या फळीला टेकवून बघत होते. शेवटचा भोंगा वाजला तेव्हा दूध उतू गेलेलं होतं आणि मला कुणाला तरी सांगायचं होतं. नवऱ्याला सांगितलं, तो "वा, छान" म्हणाला आणि अंघोळीला गेला. त्याचा काही दोष नाही, त्याला बास्केटबॉलमधलं काही कळत नाही. गॅसची शेगडी पुसताना लक्षात आलं की मला सांगायचं होतं ते तुला. तू जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी तुला एकदाही काही लिहिलं नाही. जिवंत होतास तेव्हाही लिहिलं नाही, कारण नागपूरहून फोन करता यायचा.

राजूरला कोळशाच्या खाणीच्या कॉलनीत आपल्या ओळीत सगळ्यात उशिरा केबल आपल्याकडे आली. मी तेव्हा सातवीत होते. तू डंपर चालवायचास, आणि रात्रपाळी असली की सकाळी आठाला सुटून, मानेवरची काळी रेघ साबणाने घासून, साडेआठाला टीव्हीसमोर बसायचास. तिकडे अमेरिकेत तेव्हा संध्याकाळ असते, हे तूच मला शिकवलंस, लिंबू आणि बॅटरी घेऊन. एके दिवशी चॅनल फिरवता फिरवता तो सामना लागला. एक संघ तीसेक पॉइंटांनी मागे होता, लोक खुर्च्या सोडून घरी चालले होते. आणि त्या हरणाऱ्या संघातला एक टकला, वय झालेला खेळाडू रेषेबाहेर चाललेल्या चेंडूमागे धावला आणि थेट पहिल्या रांगेतल्या बाईच्या मांडीवर जाऊन पडला. उठला, बाईची माफी मागितली, पुन्हा मैदानात गेला. तू हातातला चहा खाली ठेवलास. "हे आपले," म्हणालास. बस, तेवढंच. त्या संघाचं नाव आपण घरात कधी घेतलंच नाही. "आज आपल्यायची मॅच हाय," असंच म्हणायचास. घरात आपण आपली बंजाऱ्यांची गोरबोली बोलायचो, पण टीव्हीसमोर तू खाणीतल्या माणसांसारखा वऱ्हाडीवर यायचास, आणि मीही; आईला तेवढं याडीच म्हणायचे.

आणि आपले हरायचे. काय हरायचे, बा. तीन क्वार्टर बरोबरीने खेळून चौथ्यात हरायचे. "चार क्वार्टरचा खेळ हाय, आपल्याले एकच क्वार्टर भेटलं," असं तू कंपनीने दिलेल्या आपल्या क्वार्टरच्या भिंतींकडे हात करून म्हणायचास आणि स्वतःच हसायचास. याडी स्वयंपाकघरात भाकरी थापत असते, दारातून तिला टीव्हीचा अर्धाच पडदा दिसतो, आणि ती दर थोड्या वेळाने विचारते, "हारले का तुमचे?" "अजून नाही," तू म्हणतोस. मग थोड्या वेळाने, "हारले." ती तव्यावरची भाकरी ताटात टाकते आणि तू जेवून झोपायला जातोस. मी दप्तर उचलते. माझ्या लहानपणाच्या कितीतरी सकाळी अशा आहेत, एकीतून दुसरी वेगळी काढता येत नाही.

एक मात्र वेगळी आहे. आपल्या एका पोरसवदा खेळाडूला दोन फ्री थ्रो मिळाले होते. पहिला कड्याला लागला. दुसरा कड्यालाही लागला नाही, नुसता हवेतून गेला. मी मोठ्याने हसले. तू टीव्ही बंद केलास.

"काहून हसली?"

"मंग काय करू? एवढा सोपा होता."

"त्याले मालूम हाय का, तू इथं पाहून राह्यली म्हनून?"

"नाही."

"मंग त्याच्या मांगं हसाचं नाही."

तू माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हतास, आताही चढवला नाहीस, पण तुझा चेहरा असा झाला होता की मला शाळेत जायची घाई झाली. मग तू सांगितलंस. डंपर शिकत होतास तेव्हा पहिल्याच आठवड्यात, साहेब लोक बघायला आलेले असताना, तू मागे घेताना गाडी चिखलात रुतवलीस. सगळी खाण हसली. तांड्यावरचा पोरगा, बैल हाकायची सवय, असं कुणीतरी म्हणालं. एक म्हातारा ऑपरेटर तेवढा हसला नाही. तो केबिनमध्ये चढून तुझ्या बाजूला बसला आणि म्हणाला, "पुन्हा घे." एवढंच सांगून तू टीव्ही परत लावलास. आपले बावीस पॉइंटांनी हरले.

विश्वकर्मा पूजेच्या दिवशी घरच्यांना खाण बघू द्यायचे. तू मला नेलंस. तुझ्या डंपरचं चाक तुझ्यापेक्षा उंच होतं, त्याला झेंडूची माळ घातली होती, आणि तू इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून त्याच्यासमोर असा उभा होतास जसं मी तुला कधी पाहिलं नव्हतं. काठावरून खाली बघितलं तर खाणीच्या तळाशी चालणाऱ्या गाड्या खेळण्यातल्या वाटत होत्या. तुझ्या पाळीतले लोक आले. "काय भाऊ, तुमची टीम यंदाबी हारली म्हन्ते?" एकाने विचारलं. "हारली," तू म्हणालास, जसं कुणी घरच्या माणसाच्या तब्येतीबद्दल सांगावं. मग मला दाखवून म्हणालास, "हे बी त्याच टीमची हाय." आणि मी, बा, सगळ्यांसमोर म्हटलं, "मी नाही. माझी टीम दुसरी आहे." आणि त्या वर्षी जिंकलेल्या संघाचं नाव घेतलं. लोक हसले. तूही हसलास.

त्यानंतर महिन्याभराने माझा वाढदिवस आला. वणीच्या एका शिंप्याकडून तू आपल्या टीमची जर्सी शिवून आणलीस. टीव्हीवर पाहून सांगितलेला मोरपंखी रंग त्याला कुठला कळायला. शाळेच्या गणवेशाच्या हिरव्या कापडाची, पाठीवर त्या टकल्या खेळाडूचा नंबर पांढऱ्या कापडातून कापून लावलेला, एक आकडा जरासा तिरपा. मी ती एकदाही घातली नाही. कारणही दिलं नाही. याडीने वाट पाहून पाहून शेवटी त्या जर्सीचं टीव्हीवरचं झाकण केलं. तू ड्यूटीवरून आलास, पाहिलंस, आणि म्हणालास, "आता टीव्हीबी आपल्याच टीमचा झाला." तुला वाईट वाटलं असणारच. तू ते असं हलकं करून टाकलंस की मला माफी मागायला जागाच राहिली नाही. की मीच शोधली नाही, आता सांगता येत नाही.

मग मी नागपूरला शिकायला गेले. तू रविवारी फोन करायचास आणि जेवलीस का विचारून झाल्यावर आपल्या टीमचं सांगायचास. मी हो हो म्हणायचे. माझ्या दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात तुझा फोन मधल्याच वारी आला. आवाज चढलेला. आपले बादफेरीच्या दारात होते. शेवटचा सामना उरला होता, जिंकला की आत. "रविवारी सकाळी हाय. मी सुट्टी टाकली. तू शनिवारी सांजच्या गाडीनं येशीन का?" मी म्हटलं, "बा, सोमवारी माझी परीक्षा आहे." तू लगेच म्हणालास, "मंग नको येऊ. अभ्यास कर. मी सांगीन तुले."

परीक्षा नव्हती. परीक्षेला अजून महिना होता. मी त्या रविवारी मैत्रिणींबरोबर तर्री-पोहे खायला गेले, नंतर होस्टेलवर येऊन केस धुतले. मला तिथे बसून तुझ्या चेहऱ्याकडे बघत आपली टीम हरण्याची वाट पाहायची नव्हती. दुपारी तुझा फोन आला. "एका पॉइंटानं," तू म्हणालास. मला वाटलं तू रडशील. तू हसत होतास. "शेवटचा बॉल कड्यावर नाचला, माय. दोनदा नाचला अन् बाहेर पडला. तू असती तं पाहाले भेटलं असतं." मी म्हटलं, पुढच्या वर्षी पाहू. तू म्हणालास, "हो, पुढच्या वर्षी हाय ना."

पोळ्याच्या आधी तू गेलास. पाळीवर असताना छातीत कळ आली, गाडी बाजूला नीट उभी केलीस, ब्रेक लावलास, आणि मग खाली उतरलास, असं लोकांनी सांगितलं. मी नागपूरहून आले तेव्हा तुला अंगणात ठेवलं होतं.

त्यानंतर कॉलनीतलं घर सुटलं, याडी तांड्यावर शेती बघणाऱ्या माझ्या भावाकडे गेली, मला नोकरी लागली, लग्न झालं. बाभुळगावात तहसील कचेरीत सातबारे, उत्पन्नाचे दाखले, लोकांच्या रांगा. बास्केटबॉलचा विषय आमच्या घरात नव्हता. मग याडीच्या डोळ्याचं ऑपरेशन यवतमाळला झालं. दोन दिवस मी तिच्याजवळ होते. डोळ्यावर पट्टी, हाताला काम नाही, अशी ती पडून होती, आणि सकाळी अचानक म्हणाली, "तुह्या बाचे थे अजून हारतेत का?"

मला माहीत नव्हतं. मी मोबाइलवर शोधलं. त्या दिवशीही सामना झालेला होता.

"हारले, याडी."

"मंग हायेत अजून," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात असं काही होतं जसं गावाकडचं जुनं कुणी सुखरूप असल्याची खबर मिळावी. मग तिने चादर ओढून घेतली. मला वाटलं झोप लागली. नंतर पट्टीखालूनच म्हणाली, "त्या रविवारी तुही परीक्षा नव्हती. तुह्या बाले मालूम होतं."

आपल्या शेजारची मुलगी माझ्याच कॉलेजात होती. ती त्याच शनिवारी घरी आलेली, आणि नळावर याडीला म्हणाली की परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. याडीने तुला सांगितलं. ती चिडली होती, फोन करून मला विचारायला निघाली होती. तू तिला अडवलंस. "नको. कटाळली असन थे. मीबी कटाळलो," असं म्हणालास म्हणे. याडीने विचारलं, "मंग तुमी काहून पाह्यता?" आणि तू म्हणालास, "राजूरपासून वणीपरेंत त्यायचं माह्याशिवाय कोन हाय?"

बा, मी तिथे त्या लोखंडी खाटेच्या कडेला बसून रडले. याडीला दुसऱ्या डोळ्यानेही नीट दिसत नव्हतं, पण तिने हात पुढे करून माझा गुडघा शोधला. मला एवढी वर्षं वाटत होतं की मी तुला फसवलं. तू तर फोनवर माझं खोटं माहीत असूनही मला तो शेवटचा बॉल सांगत होतास, कड्यावर कसा नाचला ते, सगळं, म्हणजे मला तो बघायला मिळावा. एक शब्द इकडचा तिकडे केला नाहीस. आणि तूही थकला होतास, हे मला कधी दिसलंच नव्हतं. मी समजत होते तुला हरण्याचं काही वाटत नाही.

तेव्हापासून मी बघते. कचेरीला जायच्या आधी, पोळ्या लाटता लाटता. याडी माझ्याकडे राहायला आली की ती शेजारी पाट घेऊन बसते. आता तिला पूर्ण पडदा दिसतो, तरी विचारते, हारले का. बहुतेक वेळा उत्तर तेच असतं. तो टकला खेळाडू केव्हाच निवृत्त झाला, आता त्याच संघाचा प्रशिक्षक आहे, बाजूला उभा राहून ओरडत असतो. मला कंटाळा येतो. कधी कधी चौथ्या क्वार्टरला बंद करावंसं वाटतं. मी करत नाही. तुझ्यासाठी म्हणून नाही, उगीच खोटं कशाला लिहू. ती पोरं एवढ्या लांब, कुणी बघत नसल्यासारखी धावतात, आणि इथे एक स्वयंपाकघर त्यांचं आहे, हे मला बरं वाटतं.

परवा याडी तांड्यावर, एका लग्नात होती. तिला फोन करून सांगितलं की आपले बादफेरीत गेले. पलीकडे वाजंत्री वाजत होती, तिला दोनदा सांगावं लागलं. ती म्हणाली, "अस्सं? मंग आता कवा हारतेत?" मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात असेल बहुतेक. "मी येतो तवरिक," म्हणाली. ती स्वतःविषयी अजूनही असंच 'येतो, जातो' बोलते, तुझ्या वळणाची वऱ्हाडी.

काल ही बातमी मी कचेरीत सांगितली. दाखल्यांच्या टेबलावर नवीन आलेली एक मुलगी आहे, तिला या खेळातलं थोडं कळतं. तिने विचारलं, "मॅडम, तुम्ही कधीपासून आहात या टीमच्या?" मी म्हटलं, "सातवीपासून." ती म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं, न चुकता?" तिच्या तोंडावर मला आदर दिसला. समोर रांग होती, शिक्का मारायचा होता. जर्सी न घातलेली वर्षं, नागपूरची वर्षं, तुझ्यानंतरची ती सगळी वर्षं जेव्हा मी आपल्या टीमचं साधं नावही शोधलं नव्हतं, ती सांगायला मला दोन मिनिटं पुरली असती. मी "हो" म्हटलं. हा कागद मी पोस्टात टाकणार नाही, बा, पण तेवढं तुला सांगायचं होतं.